पाच भोकांचा कागद

बेळगावच्या खडेबाजारात एका जुन्या घराच्या जिन्याखाली कालनिर्णयचं एक पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला अडकवलेलं आहे. पानामागच्या छापील लेखावर पेन्सिलीनं घासून उमटवलेलं एक वर्तुळ दिसतं आणि त्याच्या कडेनं पाच भोकं. भोकांमधली अंतरं सारखी नाहीत. चार जवळपास एका मापात बसतात, पाचवं जरा सरकलेलं आहे. जीपच्या जुन्या पेट्रोल टाकीच्या तोंडावर कागद धरून हा ठसा घेतला होता. ती टाकी आज भंगारात वितळून गेली आहे. ठसा शिल्लक आहे, आणि तीन आठवडे "चूक तुमचीच" असं म्हणणाऱ्या माणसाला या ठशापुढेच गप्प बसावं लागलं.

ज्याच्यावर हे सगळं गुदरलं तो जीपमालक म्हणजे प्रस्तुत लेखकच. गेल्या काही महिन्यांत खडेबाजारापासून उद्यमबागेपर्यंत इतक्या जणांनी "घरी टाकी बदलायला गेला आणि फसला" असं ऐकवलं, की एकदा नीट लिहून ठेवणं भाग पडलं. टाकी घरी काढली हे खरं. पण घोटाळा घरी झाला नाही.

गाडी 1960च्या दशकातली, महिंद्राची उंच बॉनेटवाली सीजे-3बी. विलीज कंपनीनं अमेरिकेत 1953 मध्ये हे मॉडेल आणलं. नवं 2,199 सीसीचं इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं, म्हणून बॉनेट वर घ्यावं लागलं. अमेरिकेत ही घडण कधीच मागे पडली, पण आपल्याकडे महिंद्रानं ती पुढं बरीच वर्षं चालवली. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आणि छावणी असलेल्या या गावात जीप कुणाला नवी नाही, आणि निपाणी-संकेश्वर भागात तर वडापमुळं, म्हणजे प्रवासी वाहतुकीच्या जीपांमुळं, ती घराघरांत माहीत आहे. जे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं ते एवढंच, की या गाडीत पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. सुमारे 40 लिटर पेट्रोल आणि त्याच्यावर बसलेला माणूस, मध्ये एक गादी.

वास आधी घरच्यांना आला. सकाळी दार उघडलं की जिन्यात पेट्रोल. दोन दिवसांनी टाकीच्या खालच्या शिवणीवर बोट फिरवलं तर बोट ओलं झालं. टाकी ज्या खोबणीत बसते तिथं पावसाचं पाणी साचतं, चिखल बसतो आणि पत्रा बाहेरून सडतो. आत हवेतली ओल गार पत्र्यावर धरते आणि तळाशी उतरते, म्हणजे सडणं दोन्ही बाजूंनी. बेळगावचा पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांना जास्त सांगायला नको.

गॅरेजवाल्यांनी "ठेवून जा, बघू" म्हटलं. ठेवून गेलेल्या जुन्या गाड्यांचं काय होतं हे त्याच गॅरेजच्या मागच्या अंगणात दिसत होतं. म्हणून टाकी घरी काढायची ठरली आणि ती काढताना घ्यायची ती सगळी काळजी घेतली गेली. हे आवर्जून सांगायचं कारण, पुढं आरोप झाला तो नेमका याच कामावर.

पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळं ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, उंबरा ओलांडते, पायऱ्या उतरते, गटारीतून शेजाऱ्याकडं जाते. खडेबाजारातली घरं एकमेकांना खेटून. जिन्याखाली इन्व्हर्टर, आत चालू-बंद होणारा फ्रिज, देवघरात समई, समोर चहावाल्याचा स्टोव्ह. म्हणून गाडी आधी ढकलत मोकळ्या जागेत नेली, एका ओळखीच्या वखारीच्या आवारात. बॅटरीची निगेटिव्ह वायर पहिल्यांदा सोडली. खालचा बूच काढून पेट्रोल पत्र्याच्या डब्यात उतरवलं. प्लॅस्टिकच्या बादलीत स्थिर वीज साठते आणि तेवढी ठिणगी पुरते, म्हणून बादली वापरली नाही. डबा आणि गाडीची चासी तांब्याच्या वायरीनं जोडली. तोंडानं नळी ओढायची जुनी सवय सोडलेलीच बरी. पेट्रोलचा घोट फुप्फुसात गेला तर माणूस दवाखान्यात जातो.

टाकीतलं निम्मं पेट्रोल आधीच गाडी चालवून संपवलं होतं, त्यालाही कारण आहे. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विनापरवाना, विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल 30 लिटरपर्यंतच ठेवता येतं, आणि तेही पत्र्याचा डबा असेल तर एकेक डबा 25 लिटरपेक्षा मोठा नको. गाडीच्या टाकीतल्या इंधनाचा हिशेब वेगळा, पण पूर्ण भरलेली टाकी घरी रिकामी केलीत तर ही मर्यादा तुम्ही ओलांडली.

टाकी धरून ठेवणारे पट्टे गंजून एकजीव झाले होते. त्यांना ग्राइंडर लावला नाही. दोन दिवस तेल पाजत ठेवलं आणि हॅक्सॉनं हातानं कापले. गेज युनिट, म्हणजे तरंगणाऱ्या गोळ्याचा तो दांडा, टाकीच्या तोंडावर पाच स्क्रूंनी बसतो. पाच भोकं असमान अंतरावर असतात ती मुद्दाम, युनिट एकाच बाजूनं बसावं म्हणून. युनिट तात्पुरतं काढलं तेव्हा सहज, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तसं, हातात आलेल्या कालनिर्णयच्या पानावर त्या तोंडाचा ठसा घेतला. पुढं काय होणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

चूक त्यानंतर झाली. टाकी बनवणाऱ्या माणसाला जुनी टाकी नमुना म्हणून देऊन टाकली.

हा माणूस सीमेपलीकडच्या एका गावात पत्राकाम करतो. जुन्या गाड्यांच्या टाक्या बनवण्यात नाव कमावलेला, निदान स्वतःच्या सांगण्यावरून तरी. साडेआठ हजार ठरले, पाच हजार आगाऊ घेतले. पावती म्हणून वहीतला कागद फाडून आकडा लिहून दिला. "सँपल सोडून जावा साहेब, मापात एक सूत इकडचं तिकडं होणार न्हाई." युनिट जुन्या टाकीवर परत बसवून दिलं होतं, तेही तिथंच राहिलं. बारा दिवसांनी नवी टाकी आली, काळी चकचकीत रंगवलेली, युनिट बसवलेलं, वर कुलपाचं नवं स्टीलचं टोपण. उरलेले साडेतीन हजार तिथल्या तिथं मोजून दिले. जुनी टाकी कुठं आहे म्हणून विचारलं तर "आहे की आत, पुढच्या खेपेला न्या."

त्याच दिवशी ती हातात घेऊन निघायला हवं होतं.

नवी टाकी खोबणीत बसली. इंजिन पहिल्या सेल्फला लागलं. दुसऱ्या दिवशी पंपाच्या काचेच्या वाटीत काळे चुरे दिसले. सीजे-3बीच्या पेट्रोल पंपाखाली काचेची छोटी वाटी असते, गाळ साचायची. वाटी काढून पेट्रोल पांढऱ्या बशीत ओतलं आणि बशीखाली जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवलं. चुरे चुंबकामागं धावले. गंज नव्हे, वेल्डिंगची खपली आणि पत्र्यावरचा लोखंडी पापुद्रा. म्हणजे टाकी आतून साफ न करताच बंद केली होती. फोन केला. उत्तर आलं, "तुमच्या पेट्रोलात घाण आसंल. हल्ली इथेनॉल हाय न्हवं."

तिसऱ्या दिवशी निपाणीला लग्न होतं.

काकती गेलं, होनगा गेलं. वंटमुरी घाटाच्या चढाला जीपनं दोन आचके दिले आणि बंद पडली. उन्हानं पेट्रोल पाइपात उकळलं असेल, व्हेपर लॉक, असा अंदाज करून पंपावर ओलं फडकं टाकलं. वीस मिनिटांनी गाडी लागली. दहा किलोमीटरवर परत तेच. सोबत आलेल्या मेस्त्रीनं कंडेन्सर बदलला, पॉइंट घासले, कॉइलला हात लावून "तापलीय" म्हणाला. गाडी लागली, पुन्हा बंद. गेजचा काटा सगळा वेळ निम्म्यावर, हलायचं नाव नाही. मागं बसलेल्या घरच्या माणसांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं.

संकेश्वरच्या अलीकडं कशीबशी एका पेट्रोल पंपावर आणली. पंपावरच्या पोरानं टोपणाचं कुलूप उघडलं आणि टोपण फिरवलं. आधी सुस्स असा लांब आवाज आला, सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा, पण उलटा. हवा आत चालली होती. मग सीटखालून टण्ण असा आवाज आला, पत्र्याच्या डब्याचं दाबलेलं बूड परत बाहेर यावं तसा. पोरगं दचकून मागं सरलं. "अण्णा, टाकी वारं ओढायलीय की!"

त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. इंजिनवरचा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. जुन्या गाड्यांत ती टोपणातल्या बारीक भोकातून येते. आजच्या गाड्यांत पेट्रोलची वाफ बाहेर सोडत नाहीत, ती कोळशाच्या डब्यातून फिरवतात, म्हणून त्यांची टोपणं बंद असतात. कुठल्या तरी नव्या गाडीचं बंद टोपण या टाकीवर बसवलं होतं आणि टाकीला दुसरी श्वासनळीही काढली नव्हती. आतला दाब बाहेरच्यापेक्षा एक दशांशानं जरी उतरला, तरी 50 बाय 30 सेंटिमीटरच्या एका बाजूवर दीडशे किलोचा भार येतो. वीस मिनिटं थांबलं की बारीक फटीतून हवा आत शिरायची आणि गाडी लागायची. इग्निशनमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. चांगला कंडेन्सर रस्त्याकडेला टाकून आलो होतो.

टोपण सैल ठेवून, त्यावर फडकं बांधून निपाणी गाठली. अक्षता पडून गेल्या होत्या. टाकी भरताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली होती: काटा निम्म्यावर असताना टाकीत 33 लिटर पेट्रोल मावलं.

दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं दुकान गाठलं. तो सगळं ऐकून घेताना मोबाइलकडं बघत होता. मग म्हणाला, "घरी बसवली ना तुम्ही? मग काय सांगायचं?" टोपण कुणी दिलं, या प्रश्नाला उत्तर नाही. चुऱ्याची पुडी पुढं ठेवली, ती त्यानं बोटानं बाजूला सारली. शेवटी, उपकार केल्यासारखं, "आणा, श्वासाची नळी डाकून देतो, दहा मिनिटांचं काम." टाकी काढून दिली. पोऱ्यानं पेट्रोल ओतून काढलं, नळाखाली धरून टाकी दोनदा हिसळली, आणि मालकानं गॅसची बत्ती पेटवली.

लेखकानं टाकी त्याच्या हातातून काढून घेतली. त्यावर तिथली चार माणसं हसली. "तीस वर्षं आसंच करतोय. रिकामी टाकी काय करणार?"

रिकामी टाकीच मारते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की स्फोट होतो. भरलेल्या टाकीत द्रवावर वाफ इतकी दाट असते की जळायला हवाच पुरत नाही. ओतून टाकलेल्या टाकीत दोन्हींचा नेमका मेळ जमतो. शिवणीत आणि कोपऱ्यात अडकलेलं पेट्रोल पाण्यानं धुऊन जात नाही, बत्तीची धग लागली की वाफ होऊन बाहेर पडतं. 17 जुलै 1996 रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेलं टीडब्ल्यूए कंपनीचं बोईंग 747 समुद्रावर फुटलं, 230 माणसं गेली. चार वर्षांच्या तपासानंतर अमेरिकेच्या तपास मंडळानं ठरवलं ते हेच: जवळजवळ रिकाम्या मधल्या टाकीतल्या वाफेचा स्फोट. ज्यांच्याकडं एवढं मोठं विमान बनवायची अक्कल होती त्यांच्या हातूनही रिकाम्या टाकीनं घात केला, तर पत्र्याच्या शेडमध्ये उघडी बत्ती घेऊन तीस वर्षं निभावलं यात कौशल्य कसलं? वापरलेल्या टाकीला आगीचं काम करायचं असेल तर ती वाफेनं नीट शिजवून घ्यावी लागते, काम करायच्या जागेपर्यंत पाण्यानं भरावी लागते किंवा आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू आत सोडावा लागतो. यातलं काहीही न करता कुणी बत्ती पेटवली, तर तिथून निघा. पैशांचं नंतर बघता येतं.

मग जुनी टाकी मागितली. मापं पडताळून बघू म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "ती गेली की भंगारात. कुजलेली होती, ठेवून काय करायची?"

साठ वर्षांची टाकी. तिची शिवण, तिच्या तोंडाची जागा, ओढनळीची उंची, सगळं माप त्या पत्र्यात होतं आणि पुरावाही त्यातच होता. न विचारता किलोवर विकली. साडेआठ हजारांपेक्षा ही गोष्ट आजही जास्त लागते.

घरी येऊन युनिट उघडलं. आतल्या आडव्या पत्र्याला घासून गोळ्याचा दांडा वाकला होता, म्हणून काटा निम्म्यावर अडकलेला. युनिटच्या कडेची भोकं कानशीनं घासून लांबट केलेली, ताज्या पितळासारखी चकाकत होती. तेव्हा कालनिर्णयचं पान आठवलं. नव्या टाकीच्या तोंडावर ठेवलं तर दोनच भोकं जुळली. त्यानं पाचही भोकं समान अंतरावर पाडली होती, मग युनिट बसेना म्हणून युनिटच कापलं आणि फिरवून दाबून बसवलं. पान, युनिट आणि टाकी घेऊन तिसऱ्यांदा त्याच्या दारात गेल्यावर तो प्रथमच काही बोलला नाही. बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. मग गल्ल्यातून दोन हजार काढून समोर ठेवले आणि आत निघून गेला.

पुढची टाकी बेळगावातच झाली. ज्या गावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, जिथं उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकाम करणारे कारखाने ओळीनं उभे आहेत, तिथला कारागीर सोडून लांब जायची गरज नव्हती. 304 दर्जाच्या स्टेनलेस पत्र्याची, आत लाटा मोडायला भोकांचे आडपत्रे असलेली, ओढनळी तळापासून सव्वा सेंटिमीटर वर ठेवलेली, म्हणजे गाळ खालीच राहील. जीपमध्ये ठेवण्याआधी ती चार दिवस घरच्या ओट्यावर तपासली. टाकी नवी असो की कुणी देवाची शपथ घेऊन दिलेली असो, गाडीत जाण्याआधी ती तुमच्या डोळ्यांसमोर तपासली गेलीच पाहिजे. त्यासाठी महागडं काही लागत नाही.

आधी आत मूठभर नट मोजून टाका, थोडं रॉकेल किंवा डिझेल घाला आणि दोघांनी धरून टाकी चांगली हलवा. जेवढे नट घातले तेवढेच मोजून बाहेर काढा. एक कमी भरला तरी सोडू नका. बाहेर आलेलं द्रव पांढऱ्या कापडातून गाळा आणि कापडाखाली चुंबक धरा. असं कापड स्वच्छ येईपर्यंत करत राहा. मग सगळ्या शिवणींवर बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून फासा, वाळू द्या, आणि टाकीत रॉकेल घालून रात्रभर एकेका कुशीवर ठेवा. रॉकेल नाही मिळालं तर डिझेल चालतं. जिथं झिरपेल तिथं पांढऱ्या खडूवर काळपट डाग उमटतो. हवा भरून साबणाच्या पाण्यानंही बघता येतं, पण सायकलच्या पंपाचे दोन-तीन हलके दट्टे पुरे. कॉम्प्रेसर लावलात तर चांगली टाकी फुगून वाकडी होईल.

टोपण तोंडाला लावून फुंकून बघा. फुंकर आरपार गेली नाही तर ते टोपण तुमच्या गाडीचं नाही. युनिटच्या स्क्रूखाली फायबरचे किंवा तांब्याचे वॉशर घाला, पेट्रोल आट्यांतूनही वर चढतं. रंगवलेली टाकी रबरी पट्टीवर बसते, म्हणून युनिटपासून चासीला वेगळी अर्थ वायर ओढा, नाहीतर काटा भलतंच सांगत राहील. आणि काट्यावर विसंबूच नका. टाकी बसवली की पाच-पाच लिटर घालत एका लाकडी पट्टीवर खुणा करा. ती पट्टी सीटमागं ठेवली की जन्माचं काम झालं.

पाइपांचं वेगळं सांगायला हवं. त्या माणसानं इथेनॉलचं नाव जबाबदारी टाळण्यासाठी घेतलं, पण इथेनॉल हा जुन्या गाडीवाल्यांपुढचा खरा प्रश्न आहेच. देशात पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉलचा टप्पा जून 2022 मध्ये गाठला गेला, 20 टक्के मिश्रणाचं पेट्रोल फेब्रुवारी 2023 पासून पंपांवर यायला लागलं. बेळगाव जिल्हा उसाचा. ऊसवाल्याला याचे चार पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण 1960 साली घडलेल्या रबराला हे ठाऊक नव्हतं. साधा रबरी पाइप फुगतो, मऊ पडतो, आतून पापुद्रे सोडतो. जुन्या टाक्यांच्या आत शिसं आणि कथलाचा मुलामा असायचा, त्यालाही हे मिश्रण मानवत नाही. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, नेमके ओढनळीच्या तोंडाशी. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच, इथेनॉलसाठी न घडवलेल्या चारचाकींचं मायलेज 6 ते 7 टक्क्यांनी उतरेल असं नमूद आहे. म्हणून पाइप घेताना त्यावर एसएई जे30 आर9 असं छापलेलं आहे का बघा. दुकानदार "सगळं सारखंच" म्हणेल; ते सारखं नसतं. पारदर्शक फिल्टर पंपाच्या आधी बसवा आणि पहिल्या शंभर किलोमीटरला बदला. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका, काठोकाठ भरा किंवा पूर्ण कोरडी करा. गळकी टाकी आतून सीलर ओतून वाचवायचा मोह होतो. पत्रा शंभर टक्के गंजमुक्त आणि कोरडा नसेल तर तो थर वर्षभरात सालपटांसारखा सुटतो आणि मग कार्बोरेटरसुद्धा हातचा जातो.

आणि कागदपत्रं. पक्कं बिल घ्या, जीएसटी लागला तरी घ्या. पक्कं बिल असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्याप्रमाणे दुकान कुठल्याही राज्यात असलं तरी ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं तक्रार करू शकतो. सीमाभागातल्या माणसासाठी ही फार मोठी सोय आहे. कोल्हापूरच्या व्यवहाराची तक्रार बेळगावात गुदरता येते. दोन वर्षांची मुदत असते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक फिरवून आधी सल्लाही मिळतो. पण वहीतून फाडलेल्या, सही नसलेल्या कागदावर काय लढणार? वकिलानं कागद हातात धरून फक्त मान हलवली.

ज्यांची गाडी पन्नास वर्षांची झाली आहे त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अशा गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये शुल्क आणि नोंद दहा वर्षांची. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. टाकी बदलायला हरकत नाही, पण जुन्या भागांचे फोटो आणि मापं जपून ठेवलेली बरी. काढलेला भाग कुणाच्याही दुकानात रात्रभर सोडू नका. कारागिराला नमुना हवाच असेल तर समोर बसून माप घेऊ द्या आणि वस्तू बगलेत मारून घरी या. माणूस कितीही नावाजलेला असो, कितीही गोड बोलो.

परवा निपाणीहून एक जण आला होता. त्याच्याकडंही सीजे-3बी, तीही सीटखाली गळणारी. खडेबाजारात जिन्याशी बसून त्यानं कालनिर्णयच्या पानावर बटर पेपर ठेवला आणि पाचही भोकं काळजीपूर्वक गिरवून घेतली. कुणाकडून टाकी करून घेऊ, असं त्यानं विचारलं. उद्यमबागेतला पत्ता दिला. "आमच्या इकडं जवळ एक जण करतो म्हणे," असं म्हणून त्यानं ज्या गावाचं नाव घेतलं ते ऐकल्यावर त्याला बसवून घेतलं, चहा सांगितला आणि हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती कापलेली भोकं त्यानं स्वतः बोट फिरवून बघितली.

उरलेले साडेसहा हजार अजून येणं आहे.